कोड तर फुकटच होता, मग त्याने पैसे कशाचे दिले?

‘तुमचं प्लगइन विकणार का?’ अशा ईमेल मला २०१९ पासून येतायत. प्लगइन म्हणजे वेबसाइटला जोडायचा छोटा प्रोग्राम. बहुतेक मोडक्या इंग्रजीतल्या आणि एकाच साच्यातल्या, वाचायच्या आधीच कचऱ्यात जायच्या. २०२३ च्या जुलैत आलेली मात्र स्वच्छ मराठीत होती. तिथेच मी घसरले.

मी फोंड्याची. २०१६ मध्ये पर्वरीतली नोकरी सोडून घरून वर्डप्रेसची, म्हणजे वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरची, कामं घ्यायला लागले. गिऱ्हाइकं म्हणजे होमस्टे, गेस्ट हाऊस, दोन बेकऱ्या, एक देवस्थान. होमस्टेवाल्यांना सगळ्यांना एकच हवं असायचं: कुठल्या तारखेला खोली रिकामी आहे ते दिसू दे आणि चौकशी थेट व्हॉट्सॲपवर येऊ दे. चौथ्यांदा तोच कोड लिहायची वेळ आली तेव्हा कंटाळून त्याचं प्लगइन केलं आणि वर्डप्रेसच्या अधिकृत डिरेक्टरीत फुकट टाकलं. सात वर्षांत ते सहा हजारांवर साइट्सवर गेलं. सोबत एक पेड ॲड-ऑन, म्हणजे पैसे भरून घ्यायची जास्तीची सोय, होतं, त्यातून महिन्याला दहा-बारा हजार सुटायचे. पावसाळ्यात तेवढेही नाही.

लिहायला तीन आठवडे लागले होते, सांभाळायला मात्र अंत नव्हता. वर्डप्रेसची मोठी आवृत्ती आली की तपासणी आलीच. ती केली नाही तर ‘मागच्या तीन मोठ्या आवृत्त्यांबरोबर तपासलेलं नाही’ अशी पट्टी आपल्या पानावर झळकते. २०२० च्या शेवटी पीएचपी ८, म्हणजे वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय तिची नवी आवृत्ती, आली आणि माझ्या प्लगइनमधल्या कॅलेंडरची अर्धी पानं एररने भरली. सपोर्टला फुकटे लोक रात्री दोनला लिहितात आणि सकाळपर्यंत उत्तर आलं नाही तर एक तारा देऊन मोकळे होतात. थकले होते हो. म्हणूनच त्या ईमेलला उत्तर दिलं.

तो स्वतःला पुण्याचा म्हणवायचा. जुनी प्लगइन्स विकत घेऊन नीट सांभाळणारी आमची छोटी टीम आहे, म्हणाला. पहिल्या फोनला मॅडम, दुसऱ्या फोनपासून ताई. ‘ताई, लांबच्या मुक्कामात महिना बदलतो तिथे तुम्ही तारखा ज्या हाताळल्यात ना, मी आमच्या पोरांना दाखवल्या.’ सात वर्षांत माझा कोड वाचून कौतुक करणारा हा पहिला माणूस. व्यवहार अडीच लाखांचा ठरला. एक लाख आधी आणि उरलेले हस्तांतरणानंतर दोन हप्त्यांत. करार म्हणजे ईमेलची देवाणघेवाण, बाकी कागद काही नाही.

आता जे लिहिते ते तेव्हा डोक्यात यायला हवं होतं. डिरेक्टरीतल्या प्लगइनचा परवाना जीपीएल किंवा त्याच्याशी जुळणारा असावा लागतो. म्हणजे माझा कोड कुणीही उचलावा, नाव बदलावं, विकावासुद्धा. मला एक पैसा द्यायची गरज नाही. मग फुकट मिळणाऱ्या वस्तूला हा अडीच लाख का देत होता? त्याने ॲड-ऑनचं उत्पन्न एकदाही विचारलं नाही, पैसे भरणारे ग्राहक किती तेही नाही. त्याचे प्रश्न दोनच होते: ॲक्टिव्ह इन्स्टॉल किती, आणि त्यातल्या किती साइट्स ताज्या आवृत्तीवर आहेत. अपडेट आलं की किती जण पटकन घेतात, हे तो मोजत होता. माझ्या समोर, माझ्याकडूनच.

आमच्याकडे सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, येतो. गेटला पिशवी टांगलेली असते, तो त्यात उंडे टाकून सायकलचा भोंगा वाजवत पुढे जातो. पिशवीतला पाव कुणी उघडून तपासत नाही. वर्डप्रेस ५.५ पासून, म्हणजे २०२० पासून, प्लगइनचं ऑटो-अपडेट एका क्लिकवर चालू करता येतं, आणि माझ्या गिऱ्हाइकांच्या साइट्सवर ते मीच चालू करून दिलेलं होतं. मी त्याला पाव नाही विकला, पिशव्या टांगलेल्या सहा हजार गेटांची वाट विकली.

हस्तांतरण दहा मिनिटांचं काम. डिरेक्टरीतल्या ‘ॲडव्हान्स्ड’ पानावर आधी त्याला कमिटर केलं, म्हणजे कोड बदलायचा हक्क दिला, मग त्याच पानाच्या तळाशी मालकी त्याच्या नावावर केली. एकदा दिलेली मालकी आपल्याला परत घेता येत नाही. ऑगस्टमध्ये त्याने पहिलं अपडेट काढलं: ‘६.३ पर्यंत तपासलेलं’ एवढाच बदल. मी फरक ओळ-ओळ पाहिला आणि समाधानाने चहा घेतला. हप्ता विचारला तर म्हणाला, ‘ताई, सीएकडे अडकलाय, चवथीच्या आधी येतो.’ गणेश चतुर्थीला चवथ म्हणतो तो आमचा शब्दही त्याने उचलला होता.

१९ सप्टेंबरला चवथ होती. आदल्या दिवशी आम्ही माटोळी, गणपतीवरची फळा-पानांची सजावट, बांधत होतो, फोन वरच्या खोलीत. त्याच दिवशी दुसरं अपडेट गेलं. चेंजलॉगमध्ये, म्हणजे बदलांच्या नोंदीत, तीन शब्द: ‘किरकोळ सुरक्षा सुधारणा’. पाच दिवस मी काही उघडलं नाही.

सहाव्या दिवशी काणकोणहून एका होमस्टेवाल्या काकांचा फोन. ‘बाय, हें कितें गो? गूगलार म्हज्या घराच्या नांवाखाला जुगाराची जाहिरात!’ मी त्यांच्याकडेच गेले. व्हरांड्यात त्यांच्या लॅपटॉपवर साइट अगदी निर्मळ. माझ्या फोनवर उघडली तरी वरवर काही नाही. मग माझ्या लॅपटॉपवर, लॉग-इन न करता, पानाचा सोर्स, म्हणजे मागचा कोड, काढला. फूटरच्या वर एक डबा, डावीकडून उणे ९९९९ पिक्सेलवर ढकललेला, म्हणजे माणसाला कधी दिसू नये, गूगलला मात्र वाचता यावा असा. त्यात जुगार आणि झटपट कर्जाच्या चाळीसेक लिंका. काकांच्या लॅपटॉपवरचा सोर्स पाहिला तर डबाच नाही, कारण ते ॲडमिन म्हणून लॉग-इन होते.

प्लगइनच्या फोल्डरात कॅशचं काम करते असं वाटणाऱ्या नावाची नवी फाइल होती. दर बारा तासांनी बाहेरच्या एका डोमेनवरून मजकूर आणायचा, डेटाबेसच्या ऑप्शन्स टेबलात ठेवायचा, आणि बघणारा लॉग-इन नसेल तरच पानात ओतायचा. साइटच्या मालकाला कधीच दिसणार नाही असा बेत.

हे काही नवं नव्हतं, हेच जास्त लागलं. २०१७ मध्ये डिस्प्ले विजेट्स हे दोन लाखांवर साइट्सवरचं प्लगइन असंच विकलं गेलं. नव्या मालकाने त्यातून साइट्सवर स्पॅम घातला, आणि लॉग-इन असलेल्यांना तो दिसू नये याचीही सोय केली. त्याच वर्षी डिसेंबरात तीन लाख साइट्सवरच्या कॅप्चा प्लगइनमध्ये, तेही मालक बदलल्यावर, चोरवाट सापडली. दोन्ही बातम्या मी तेव्हा वाचल्या होत्या आणि ‘कसे विकतात लोक’ असं म्हटलंही होतं.

डिरेक्टरीच्या टीमला रात्रीच पुराव्यासकट लिहिलं. त्यांनी प्लगइन बंद केलं. पण बंद करणं म्हणजे नवीन कुणाला उतरवता येत नाही, इतकंच. ज्या साइटवर ते बसलंय तिथे ते बसूनच राहतं, आणि डॅशबोर्ड मालकाला काही सांगत नाही. त्याचा फोन अर्थातच बंद. मडगावच्या वकीलबाईंनी सगळं ऐकून शांतपणे विचारलं, ‘तुझे गेले किती?’ माझे गेले नव्हते, एक लाख आले होते. उरलेल्या दीड लाखासाठी दिवाणी दावा, तोही ज्याचा पत्ता माहीत नाही अशा माणसावर. मात्र ज्यांच्या साइटमध्ये हे घुसलं ते साइटवाले माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ४३ आणि ६६ कलमांखाली तक्रार करू शकतात, असं त्या म्हणाल्या. काकांनी केली.

अशी ईमेल तुम्हाला आली तर समोरच्याला एक सांगून बघा: कोड घे, तुझ्या नावाने नवं प्लगइन काढ, माझ्या पानावर मी त्याचा दुवा देते. खरा सांभाळणारा निदान विचार करेल, वाट हवी असलेला गायब होईल. तरीही विकायचंच असेल तर सगळे पैसे खात्यात येईपर्यंत कमिटर करू नका, आणि पुढचे काही महिने त्याचा कोड तुम्ही तपासून तुमच्याच हातून डिरेक्टरीत जाऊ दे. वापरणाऱ्यांना मालक बदलतोय हे आधी कळवा. रीडमीतल्या योगदानकर्त्यांतून आपलं नाव काढा. मी काढलं नव्हतं, त्यामुळे शिव्या देणारी पहिली तीसेक पत्रं मलाच आली.

तो एक लाख गोव्यातल्या साइट्स साफ करण्यात गेला. माझ्या हातच्या एकतीस साइट्स होत्या, तीस साफ झाल्या. उरलेली कळंगुटच्या एका गेस्ट हाऊसची. मालक पोर्तुगालला गेलाय, गेस्ट हाऊस बंद आहे, होस्टिंगचा पासवर्ड कुणाकडे ते त्याच्या भावालाही ठाऊक नाही. काल पाहिलं, साइट अजून चालू आहे.