सीएनसी ऑपरेटर: कोल्हापुरातच थांबावं की चाकणला जावं?

आयटीआय झालं, दोन वर्षं शिरोली एमआयडीसीत सीएनसी मशीनवर (कॉम्प्युटरच्या प्रोग्रामवर धातू कापणारी मशीन) काढली, आता चाकणला पगार जास्त मिळतोय तर जाऊ का, असं आमच्याकडची बरीच पोरं विचारतात. नुसता पहिला आकडा बघून ठरवू नका.

पुण्याकडं पगार जास्त का, तर सगळे सांगतात तिकडं खर्च जास्त. म्हणून आपण जास्त मागतो हे खरं, पण मालक का देतो? त्याला इकडं कमी पगारात माणूस मिळतोय की. तो देतो कारण चाकण-भोसरी पट्ट्यात त्याचं काम जास्त निघतं, गाड्यांच्या कंपन्या शेजारी, टूल संपलं की लगेच दुसरं, मशीन बंद पडली तर सर्व्हिसवाला जवळच, आणि सेटर, म्हणजे मशीनवर टूल आणि मापं लावून देणारा माणूस, सोडून गेला तर दुसरा शोधायला फार दिवस लागत नाहीत. तुम्हालाही एक कंपनी पटली नाही तर त्याच रस्त्यावर दुसऱ्या आहेत, मग चांगला माणूस टिकवायला पगार वाढवावाच लागतो.

आता खर्चाचं. कोल्हापुरात घरचं जेवण, भाडं नाही. तिकडं कॉट बेसिस, मेस, सणावाराला गावी येणं-जाणं, हे सगळं वजा केलं की पहिल्या वर्षी हातात फारसा फरक उरत नाही.

खरा फरक पुढं पडतो. स्पेनमधल्या कामगारांवर २०१७ साली एक अभ्यास प्रसिद्ध झालाय, त्यात दिसलं की माद्रिद-बार्सिलोनासारख्या मोठ्या शहरात गेल्यावर थोडा पगार लगेच वाढतो पण बाकीचा वर्षागणिक, तिथल्या अनुभवानं वाढतो, आणि माणूस नंतर लहान गावात परतला तरी त्या अनुभवाची किंमत बरीचशी टिकते. म्हणजे चाकणला सेटिंग, प्रोग्रामिंग शिकायला मिळणार असेल तर दोन वर्षं ओढाताण सोसून जा असंच मी म्हणेन, पण ठेकेदाराकडून लागून तीन वर्षं फक्त जॉब (मशीनवर घडवायचा तुकडा) लावायचा आणि काढायचा असेल तर घर सोडण्यात काही अर्थ नाही.

फाउंड्रीवाल्यांचं, म्हणजे धातू ओतून भाग बनवणाऱ्यांचं, मात्र वेगळं आहे. साच्यासाठी नमुना करणारे पॅटर्नमेकर, साचा करणारे मोल्डर यांना उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल एवढ्यातच इतकं काम आणि इतके जाणकार आहेत की त्यांच्यासाठी मोठं शहर कोल्हापूरच.

जाणार असाल तर जॉइनिंगच्या आधी तोंडावर विचारून घ्या: कंपनीच्या रोलवर की ठेकेदाराकडून, सांगितलेला पगार ओव्हरटाइम धरून की सोडून, आणि सेटिंगला हात कधी लावायला मिळणार.