काचेवरचा ओरखडा आणि खोटी ‘हिऱ्याची पट्टी’

सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेत घोडेबाजाराकडे जाणाऱ्या वाटेवर बसलेल्या एका विक्रेत्याने आम्हाला धार लावण्याची ‘हिऱ्याची पट्टी’ ६०० रुपयांना विकली. ती हिऱ्याची नव्हती. तशाच पट्ट्या आता इतरत्रही विकायला दिसतात, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

त्याने पट्टीच्या कोपऱ्याने काचेवर ओरखडा काढला आणि ‘काच फक्त हिराच कापतो, भाऊ’ असे ठासून सांगितले. हे साफ खोटे आहे. कठीणपणाच्या मोह्स मापनात काच ५.५ च्या आसपास, वाळूतली गारगोटी ७ वर आणि हिरा १० वर येतो, म्हणजे गारगोटीचा खडाही काचेवर तसाच ओरखडा उठवतो. पट्टीला पाणी लावू नका, असेही त्याने बजावले होते, आणि खरी खूण तीच होती. अस्सल पट्टीत हिऱ्याची भुकटी निकेलच्या मुलाम्याने पत्र्यावर पक्की बसवलेली असते; तिला पाण्याने काही होत नाही, उलट घासताना निघणारा लोखंडाचा कीस पाण्याने वाहून जातो. आमच्या पट्टीवर खर नुसती चिकटवलेली होती. ओल्या कुऱ्हाडीवर फिरवताच दाणे बोटांना लागून आले, खाली गुळगुळीत पत्रा उरला आणि कुऱ्हाड होती तशीच बोथट राहिली. ज्या विळ्याने त्याने कागद चिरून दाखवला तो आधीच पाजलेला असणार, कारण वडिलांनी पुढे केलेली आमची कुऱ्हाड त्याने गर्दीचे कारण सांगून हातातही घेतली नाही. कष्टाच्या पैशाने अवजार घेणाऱ्या माणसाला असे फसवणे मला फार संतापजनक वाटते.

पऱ्हाट्या आणि बाभळीच्या फांद्या तोडणाऱ्या कुऱ्हाडीला मुळात हिरा लागतच नाही. चपटी कानस आणि दोन बाजूंचा कार्बोरंडमचा (कठीण कृत्रिम खरीचा) धारेचा दगड पुरतो. कानशीचे पोलाद कुऱ्हाडीच्या तोंडापेक्षा कठीण असल्यामुळे पडलेले खांडे ती लवकर काढते. मात्र दाब पुढे ढकलतानाच द्यावा आणि मागे आणताना ती उचलावी, नाहीतर तिचे दात मरतात. नंतर दगडाची खरखरीत बाजू आणि शेवटी बारीक बाजू पाणी शिंपडत फिरवावी. सुरीला प्रत्येक बाजूने २० अंशांच्या आसपास कोन चालतो. कुऱ्हाडीला तो २५ किंवा थोडा अधिक ठेवावा, कारण पातळ धार लाकडाच्या गाठीवर तुटते. विजेच्या मोटारीवर फिरणाऱ्या धार लावायच्या चाकावर घाईने घासल्यास तोंड तापून निळे पडते आणि पोलादाचे पाणी उतरते, म्हणजे त्याचा कठीणपणा जातो.

खरेदीला जाताना आपलेच बोथट अवजार सोबत न्यावे, त्यालाच पाणी लावून धार काढून दाखवायला सांगावे आणि पक्के बिल घ्यावे. आम्हाला मिळालेल्या हमीपत्रावर शिक्का होता, पण दुकानाचा पत्ता नव्हता.