लिव्होर्नोला फ्लोरेन्स सोडून खेड्यात गेलो: क्रूझच्या शेवटच्या दोन दिवसांचा रिव्ह्यू

मे महिन्यात बार्सिलोना ते चिविताव्हेक्किया (रोमसाठीचं बंदर) अशी मेडिटेरेनियन क्रूझ केली, मी, नवरा आणि सासूबाई. बाकीच्या पोर्ट्सबद्दल सगळीकडे भरपूर वाचायला मिळतं म्हणून मी फक्त शेवटचं लिहितेय.

उतरायच्या आधीचं आमचं शेवटचं पोर्ट इटलीच्या टस्कनी भागातलं लिव्होर्नो होतं. तिथं जहाज लागलं की निम्मं पब्लिक पिसा-फ्लोरेन्सच्या बसमध्ये चढतं. फ्लोरेन्स बंदरापासून 90 किमीच्या आसपास, म्हणजे जाऊन-येऊन तीनेक तास बसमध्येच जातात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जहाज सोडायचं असलं की त्याच रात्री मोठ्या बॅगा भरून, टॅग लावून केबिनबाहेर ठेवायच्या असतात. दिवसभर म्युझियमच्या रांगा आणि रात्री पॅकिंग, सीनियर्स सोबत असतील तर मी तरी हे कुणाला सांगणार नाही. आम्ही जहाजाचीच सान जिमिन्यानो आणि ऑलिव्हच्या शेताची टूर घेतली. बाहेरची टॅक्सी शेअर केली तर स्वस्त पडते हे खरंय, पण जहाजाच्या टूरला उशीर झाला तर जहाज थांबतं, आणि शेवटच्या पोर्टला ही निश्चिंती मला पैशांपेक्षा मोठी वाटली.

सान जिमिन्यानो म्हणजे टेकडीवरचं तटबंदीचं गाव. एकेकाळी इथल्या श्रीमंत घराण्यांनी चढाओढीनं 72 मनोरे बांधले होते म्हणतात, आज 14 उरलेत. सगळ्यात उंच तोरे ग्रोसा, 54 मीटर, वर चढून जाता येतं, नवरा गेला, आम्ही दोघी खाली विहिरीच्या चौकात जिलातो खात बसलो. रस्ते दगडी आणि चढाचे आहेत, गुडघे दुखणाऱ्यांनी चांगले शूज घालाच. दुकानात इथलं केशर मिळतं, मध्ययुगापासून या गावाचा तो व्यापार आहे, पण महाग आहे, आम्ही नाही घेतलं.

खरी मजा शेतावर. सासूबाई साताऱ्याकडच्या, शेतीतल्या, त्यांनी उतरल्या उतरल्या झाडांकडं बघून विचारलं, "अगं, ही झाडं एका बुडातून तीन-तीन फुटलेली का दिसतात?" नवऱ्यानं गाइडला विचारलं तर ती इतकी खूश झाली! 1985 च्या जानेवारीत टस्कनीत भयंकर थंडी पडली आणि ऑलिव्हची झाडं जळाली, शेतकऱ्यांनी ती जमिनीलगत कापली आणि मुळांतून नवे धुमारे फुटले, तीच आजची झाडं. त्यावर सासूबाई किती तरी वेळ त्या खोडांवरून हात फिरवत होत्या. मग त्यांनी तेलाचा उतारा विचारला, शंभर किलोला पंधरा किलोच्या आसपास म्हटल्यावर म्हणाल्या, "मग महाग असणारच गं."

तेल चाखायची पद्धत पण भारी आहे. छोट्या ग्लासात थोडं तेल, तळहातानं झाकून ऊब द्यायची, मग घोट घेऊन दातांमधून हवा आत ओढायची, घशात तिखट लागून ठसका येतो आणि तो आला म्हणजे तेल चांगलं. सोबत तिथला बिनमिठाचा पाव, टस्कनीत पावात मीठ घालतच नाहीत, वर तेल आणि जाडं मीठ टाकून खायचा. जेवण साधं, टोमॅटो, बीन्स, पाव घातलेलं रिबोलिता सूप. कडक शाकाहारी असाल तर चीज आधी विचारा, पार्मेजानोमध्ये वासराचं रेनेट (पोटातून काढलेलं, दूध फाडून चीज करायला लागतं ते) असतं, पेकोरिनोतही बहुतेक वेळा प्राण्यांचंच असतं. सासूबाईंनी चीज सोडून सगळं खाल्लं आणि पोट भरलं. टूरला माझे पाचपैकी पाच.

जहाजाच्या शेवटच्या रात्रीला मात्र तीनच. आमच्या अकाउंटला सासूबाईंच्या नावानं ड्रिंक्स पॅकेज लावलेलं निघालं, त्या चहाशिवाय काही घेत नाहीत! रिसेप्शनला रात्री लांबलचक लाइन, पैसे कमी करून दिले पण बराच वेळ गेला, तेव्हा बिल आदल्या दुपारीच ॲपवर बघून घ्या. डायनिंगमधला गोव्याचा वेटर मात्र शेवटपर्यंत मायेनं वागला, सासूबाईंशी मराठीत बोलायचा, त्या दिवशी न सांगता वरण-भात आणून ठेवला, त्याचं नाव फीडबॅक फॉर्ममध्ये आवर्जून लिहिलं.

सकाळी केबिन लवकर सोडावी लागते, म्हणून औषधं, पासपोर्ट, एक जोड कपडे हॅन्डबॅगमध्येच ठेवा, मोठी बॅग थेट टर्मिनलवर मिळते. चिविताव्हेक्किया म्हणजे रोम नव्हे, रोम तिथून 70-80 किमी आहे. बंदरातून बस, मग स्टेशनवरून ट्रेन. हॉटेल व्हॅटिकनच्या बाजूला असेल तर तेर्मिनी या रोमच्या मुख्य स्टेशनपर्यंत न जाता आधीच्या सान पिएत्रो स्टेशनलाच उतरा.