बोलेरो कोण घेतो आणि का: एका जुन्या गाडीचे नव्याने परीक्षण

शोरूमबाहेर काढून शहरातल्या रस्त्यांवर पाव तास फिरवली, तर महिंद्रा बोलेरो विकत घेण्याचे एकही कारण सापडू नये अशी ती गाडी आहे. तीन सिलिंडरांच्या डिझेल इंजिनाची थरथर गिअरच्या दांडीपर्यंत पोहोचते, खड्ड्यावरून जाताना मागचे पाटे, म्हणजे स्प्रिंगचे काम करणाऱ्या पोलादी पट्ट्या, आपले अस्तित्व जाणवून देतात, आणि चौकोनी खिडक्यांची बाह्याकृती पंचवीस वर्षांत इतकी थोडी बदलली आहे की जुनी गाडी आणि नवी गाडी लांबून ओळखणे नेहमीच जमत नाही. तेवढ्याच पैशांत मिळणाऱ्या इतर गाड्या अधिक शांत, अधिक चपळ आणि निःसंशय अधिक सुरक्षित आहेत. तरीही महाराष्ट्रातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावी पंचायत समितीच्या आवारात, बाजार समितीच्या फाटकाशी किंवा लग्नाच्या मांडवाबाहेर उभ्या असलेल्या गाड्या पाहिल्या, तर पांढऱ्या बोलेरोंची संख्या डोळ्यांत भरते. हे घेणारे लोक अडाणी नाहीत आणि त्यांना जाहिरातीने भुलवलेलेही नाही. या गाडीचे बहुतेक गुण गाडीच्या बाहेर आहेत. ते गावातल्या गॅरेजात, जुन्या गाड्यांच्या बाजारात, करांच्या कोष्टकात आणि घेणाऱ्याच्या घरातल्या माणसांच्या संख्येत आहेत, आणि म्हणूनच ते टेस्ट ड्राइव्हमध्ये दिसत नाहीत.

बोलेरो २००० साली बाजारात आली. महिंद्राच्याच आर्माडा या गाडीच्या पायावर ती उभी होती आणि तिच्यात प्यूजो घराण्याचे अडीच लिटरचे, अत्यंत साधे डिझेल इंजिन होते. नाशिकच्या कारखान्यात तयार होणारी ही गाडी पुढे जवळजवळ दशकभर देशातली सर्वाधिक खपाची एसयूव्ही राहिली. २०१६ साली आलेल्या मारुतीच्या ब्रेझाने आणि तिच्यासारख्या छोट्या, शहरी एसयूव्हींनी ते स्थान काढून घेतले. शहराने बोलेरोकडे पाठ फिरवली, पण तिचा गावाकडचा गिऱ्हाईक मात्र हलला नाही.

त्याच २०१६ साली बोलेरोत एक बदल झाला, ज्याकडे शहरी परीक्षकांनी फारसे लक्ष दिले नाही. चार मीटरहून लांब असलेली ही गाडी पुढचे-मागचे बंपर आखडून ३,९९५ मिलिमीटरची करण्यात आली आणि अडीच लिटरच्या इंजिनाशेजारी १,४९३ सीसीचे तीन सिलिंडरांचे नवे इंजिन आले. चाकांमधले अंतर पूर्वीइतकेच, म्हणजे २,६८० मिलिमीटर राहिले, त्यामुळे आतली जागा कमी झाली नाही. लहान गाडीसाठीच्या सवलतीच्या कराची मर्यादा डिझेलला चार मीटर लांबी आणि १,५०० सीसी अशी आहे. बोलेरो त्या मर्यादेच्या आत पाच मिलिमीटर आणि सात सीसी इतक्या अंतराने बसते. या कारागिरीचे मोल २२ सप्टेंबर २०२५ नंतर अधिकच वाढले, कारण त्या दिवसापासून अशा गाड्यांवरचा एकूण कर ३१ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, तर चार मीटरहून लांब असलेल्या मारुतीच्या एर्टिगासारख्या गाडीवर तो ४० टक्के आहे. आज बोलेरोची एक्स-शोरूम किंमत आठ लाखांच्या आसपास सुरू होते आणि पावणेदहा लाखांच्या आत संपते. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या खासगी डिझेल गाडीला १३ टक्के आणि पेट्रोल गाडीला ११ टक्के रस्ता कर असल्यामुळे परिवहन कार्यालयात थोडे अधिक मोजावे लागतात, पण तो फरक वरच्या फरकापुढे किरकोळ आहे.

आता गाडी चालवण्याविषयी. इंजिनाची ताकद कागदावर केवळ ७५ अश्वशक्ती आहे, आणि एवढ्या आकड्यावर आजची छोटी हॅचबॅक घेणारासुद्धा नाक मुरडेल. परंतु घाटात उपयोगी पडतो तो टॉर्क, म्हणजे इंजिनाचा पिळण्याचा जोर, आणि तो २१० न्यूटन-मीटर असून मिनिटाला अवघ्या १,६०० फेऱ्यांपासून मिळू लागतो. म्हणून सात माणसे, टपावर सामान आणि समोर आंबोली किंवा चांदवडचा चढ असला, तरी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनाला न ओरडवता गाडी संथपणे वर चढते. तिची शक्ती मागच्या चाकांना मिळते, त्यामुळे भरलेल्या गाडीचे वजन नेमके त्या चाकांवर येते आणि चढावर पकड वाढते. पुढची चाके फिरवणाऱ्या गाड्यांचे गणित भरल्यावर उलटे होते, हे चढावर गाडी थांबवून पुन्हा सुटणाऱ्या प्रत्येक चालकाला ठाऊक आहे. याची दुसरी बाजू पावसाळ्यात दिसते: रिकाम्या गाडीचा मागचा भाग हलका असतो आणि काळ्या मातीच्या शिवाररस्त्यावर तो घसरतो. जीपसारखी दिसते म्हणून आजच्या बोलेरोत चारही चाकांना शक्ती मिळत असेल, असा समज अनेकांचा असतो. तो चुकीचा आहे.

समृद्धी महामार्गावर मात्र ही गाडी केविलवाणी वाटते. तिथे मोटारींना ताशी १२० किलोमीटरची परवानगी आहे; बोलेरो शंभरीच्या जवळ आली की इंजिनाचा आवाज आणि उभ्या काचेवर आदळणारा वारा मिळून बोलणे अवघड करतात, आणि शेजारून ट्रक गेला तर उंच अंगाची गाडी हलकेच डोलते. ताशी ८० हा तिचा खरा वेग आहे. त्या वेगाने गेल्यास डिझेलही बेताने लागते. चालवणाऱ्यांकडून मोकळ्या रस्त्यावर लिटरला पंधरा-सोळा आणि भरलेल्या गाडीने घाटात बारा-तेरा असे ॲव्हरेज ऐकू येते. टाकी ६० लिटरची आहे, म्हणजे एकदा भरली की साधारण आठशे किलोमीटरची निश्चिंती, आणि जिथे पुढचा पंप कुठे आहे हे विचारावे लागते त्या भागात हा आकडा कोणत्याही सनरूफपेक्षा मोलाचा ठरतो.

बसण्याची सोय हा बोलेरोच्या निवडीचा सर्वांत प्रामाणिक आणि त्याच वेळी सर्वांत अडचणीचा भाग आहे. कागदोपत्री सात जागा आहेत: पुढे दोन, मध्ये तीन आणि मागे समोरासमोर तोंड करून बसण्याचे दोन छोटे बाक. प्रत्यक्षात किती माणसे बसतात हे सांगण्याची गरज नाही. ज्या घरात आजी-आजोबा, दोन भाऊ आणि त्यांची मुले एकत्र राहतात, त्या घराला पाच आसनांची सुबक गाडी परवडत असूनही उपयोगाची नसते. जेजुरीला जायचे तर सगळे एका गाडीत मावले पाहिजेत आणि परतताना बाजारातून घेतलेले पोते मागे टाकता आले पाहिजे. एर्टिगा हे काम अधिक आरामात करते आणि सीएनजीवरही चालते, म्हणून पुणे-नाशिक पट्ट्यातल्या कुटुंबांनी ती मोठ्या संख्येने स्वीकारली. पण एर्टिगातले डिझेल इंजिन २०२० साली बंद झाले. दहा लाखांच्या आत सात आसने आणि डिझेल अशी अट घातली, तर बाजारात बोलेरो आणि तिची निओ ही नावबहीण यांच्याखेरीज हाती फारसे काही लागत नाही. अनेकांची निवड इथेच संपते. उरलेली कारणे नंतर शोधली जातात.

त्या नंतर शोधलेल्या कारणांपैकी सर्वांत लोकप्रिय म्हणजे "कुठल्याही गावात दुरुस्त होते." हे विधान एकेकाळी शंभर टक्के खरे होते. जुन्या इंजिनात इलेक्ट्रॉनिक्स जवळजवळ नव्हते. पाना, हातोडी आणि अनुभवी मिस्त्री एवढ्यावर ते पुन्हा चालू व्हायचे. आजच्या गाडीचा सांगाडा, मागचे पाटे, क्लच, ब्रेक आणि स्टीअरिंग यांच्याबाबत ते अजूनही खरे आहे, आणि सुटे भाग तालुक्याच्या दुकानात मिळतात ही सोय खरोखर मोठी आहे. परंतु १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ या धूर-प्रदूषणाच्या नियमांनंतर इंजिनाची गोष्ट बदलली. जास्त दाबाने डिझेल फवारणारी कॉमन रेल इंधनप्रणाली, संवेदक (सेन्सर) आणि धुरातली काजळी अडवणारी डीपीएफ ही गाळणी असलेल्या गाडीला बिघाड शोधण्यासाठी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकातली नोंद वाचणारे यंत्र, लागतो. ही गाळणी स्वतःची सफाई करण्यासाठी इंजिन काही वेळ सलग आणि गरम चालण्याची अपेक्षा करते. घर ते शेत, शेत ते डेअरी अशा दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत ती तुंबते आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. बोलेरोची कीर्ती अशा रीतीने जुन्या इंजिनाने कमावलेली आहे आणि ती नव्या इंजिनाच्या नावावर चढली आहे. नवी गाडी वाईट आहे असे नाही, पण आठवड्यातून एकदा तरी तिला हमरस्त्यावर अर्धा तास नीट चालवावी, हा सल्ला विक्रेत्याने गाडी ताब्यात देतानाच द्यायला हवा.

प्रतिष्ठेचा मुद्दा टाळून बोलेरोविषयी लिहिणे अपुरे होईल. पोलीस, वन विभाग आणि महसूल यांच्या ताफ्यांत वर्षानुवर्षे हीच गाडी दिसल्यामुळे पांढऱ्या बोलेरोला एक अधिकाराचा वास चिकटला आहे, आणि गावच्या राजकारणात उतरू पाहणाऱ्या तरुणाला तो हवा असतो. (४१४१ हा क्रमांक "दादा" असा वाचता यावा म्हणून आकडे वळवून रंगवण्याची हौस उच्च सुरक्षा नंबरप्लेटने आता बरीचशी संपवली आहे; क्रमांकासाठी जादा पैसे भरण्याची हौस मात्र शाबूत आहे.) रंग निवडण्यामागे व्यवहारही आहे, कारण पांढरी गाडी उन्हात कमी तापते आणि विकताना लवकर उठते. जुन्या बोलेरोला गिऱ्हाईक शोधावे लागत नाही, ते चालत दारात येते, आणि ज्याचे उत्पन्न हंगामावर अवलंबून आहे त्याला अडीनडीला चार दिवसांत रोख होऊ शकणारी वस्तू हवी असते.

सुरक्षिततेच्या बाबतीत मात्र माझी सहानुभूती संपते. या गाडीत पुढे दोन एअरबॅग आणि जोरात ब्रेक दाबल्यावर चाके अडकू न देणारी एबीएस यंत्रणा आहे. सहा एअरबॅग देणाऱ्या गाड्या याच किमतीत उभ्या असताना हे पुरेसे म्हणता येणार नाही. लोखंडी चासी, म्हणजे खालचा सांगाडा, आहे म्हणून गाडी "दणकट" आणि म्हणून सुरक्षित, हा तर्क उलटा आहे. धडकेच्या वेळी गाडीचा पुढचा भाग योग्य रीतीने चुरगळून आघात शोषून घ्यावा लागतो. तो शोषला गेला नाही तर आतल्या माणसाला सोसावा लागतो. एप्रिल २०२४ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या धडक-चाचणीत बोलेरो निओला प्रौढांसाठी आणि मुलांसाठी पाचपैकी एकेकच तारा मिळाला. निओ ही वेगळ्या सांगाड्याची गाडी असल्याने तो निकाल जसाच्या तसा बोलेरोला लावता येणार नाही, परंतु चासीवरची गाडी आपोआप सुरक्षित असते या समजाला तो पुरेसा धक्का देतो. याउलट रांजणगावात तयार होणाऱ्या टाटा नेक्सॉनने २०१८ मध्येच पाच तारे मिळवले होते. आणि मागच्या आडव्या बाकांवर, जिथे सहसा घरातली लहान मुले बसवली जातात, समोरून धडक बसल्यास शरीर बाजूने फेकले जाते. तिथे मुलांना बसवू नये असे मी स्पष्टपणे म्हणेन.

ऑक्टोबर २०२५ च्या नव्या आवृत्तीत सात इंची टचस्क्रीन, नवी जाळी आणि बी८ ही वरची श्रेणी आली आहे. बी४ पासून बी८ पर्यंत इंजिन, गिअरबॉक्स आणि सांगाडा तोच असल्यामुळे वरच्या श्रेणीसाठी जादा पैसे मोजण्याचे सबळ कारण मला दिसत नाही. मधली बी६ घ्यावी आणि उरलेले पैसे चांगल्या टायरांसाठी राखावेत. वर्षभर मुख्यतः डांबरी रस्त्यावर चार-पाच माणसांना घेऊन फिरणाऱ्याने बोलेरो घेऊ नये. डोंगरातल्या वाडीवर राहणाऱ्या, गाडी भरून चालवणाऱ्या आणि ऐंशीच्या वेगावर समाधान असणाऱ्या कुटुंबाला आजही तिच्याऐवजी दुसरे नाव सुचवणे मला कठीण जाते.

जुनी घेणार असाल तर २०२० नंतरची गाडी स्कॅनर लावून दाखवा, कोकणातली असेल तर खालून चासीचा गंज पाहा, आणि मागचे पाटे बसलेले किंवा मागच्या दाराची पायरी झिजलेली दिसली तर ती वडापला चालली आहे असे समजून भाव करा. इंजिन थंड असतानाच सुरू करून ऐकावे. मालकाने आधीच गरम करून ठेवले असेल, तर दुसऱ्या दिवशी सकाळी न कळवता पुन्हा जावे.