छोटी हॅचबॅक सोडून मोठी सेकंडहँड गाडी: ऑक्टाव्हिया, थ्री सिरीज की कॅमरी हायब्रिड?

गाडी बदलायची म्हटल्यावर घरातून पहिला प्रश्न आला, हिला झालंय काय? खरं सांगायचं तर काहीच झालं नव्हतं. १.२ लिटरची पेट्रोल हॅचबॅक, ८० च्या आसपास पीएस (साधारण हॉर्सपॉवरच म्हणा), नऊ वर्षांत दोनदा बॅटरी आणि एकदा क्लच प्लेट, बाकी ऑइल बदला आणि पळवा. पण हायवेला चार माणसं, डिक्की भरलेली, एसी चालू आणि पुढे लांबलचक ट्रेलर असला की मी आधी एसी बंद करणार, मग गिअर खाली टाकणार, मग मनात हिशेब करणार, निघणार आणि अर्ध्यातून परत मागे येणार. हे असं किती वर्षं करायचं. नवीन मोठ्या गाडीचं बजेट नव्हतं, पण सात-आठ वर्षं जुनी मोठी गाडी नव्या छोट्या गाडीच्या पैशात मिळते हे एकदा दिसलं की माणूस बिघडतोच.

सहा महिने बघून बघून तीन गाड्यांवर आलो. तिसऱ्या पिढीची स्कोडा ऑक्टाव्हिया १.८ टीएसआय (टर्बो पेट्रोल), म्हणजे २०१३ नंतरची. एफ३० बॉडीची, म्हणजे त्या पिढीची थ्री सिरीज, बीएमडब्ल्यू ३२०डी (डिझेल). आणि २०११ ते २०१७ दरम्यानची टोयोटा कॅमरी हायब्रिड. तिन्ही चालवल्या, दोन लिफ्टवर चढवून खालून बघितल्या, एकीसाठी तर जवळजवळ टोकन देणार होतो (ते पुढे सांगतो).

तुलनेआधी एक गोष्ट, कारण मी स्वतः यातच फसणार होतो. जुनी झाली म्हणून गाडीची किंमत उतरते, पार्ट्सची उतरत नाही. महागड्या गाडीचा टर्बो, इंजेक्टर, गिअरबॉक्स हे सगळं त्या गाडीच्या नव्या किमतीच्या हिशेबानेच मिळतं, तुम्ही ती कितीला घेतली याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. त्यामुळे या तिघींत "किती स्वस्त मिळाली" हे मी बघितलंच नाही, एक मोठं काम निघालं तर झेपेल का एवढंच बघितलं.

आता पॉवर. कागदावर तिघी जवळजवळ बहिणीच आहेत. ऑक्टाव्हिया १८० पीएस आणि २५० न्यूटन मीटर टॉर्क (ओढायची ताकद), ३२०डी १८४ पीएस आणि तब्बल ३८०, कॅमरीत इंजिन-मोटर मिळून साधारण २०० पीएस. पण गंमत वजनात आहे. हॅचबॅक सव्वानऊशे किलोची धरा, चार माणसं आणि सामान मिळून ३०० किलो टाकले की तिच्यावर एक तृतीयांश ओझं वाढलं, तेच ३०० किलो दीड टनाच्या गाडीवर टाकले तर एक पंचमांश, म्हणून एकटे असताना छोटी गाडी ठीकठाक पळते आणि सगळे बसले की रडते. मोठ्या गाडीत भरल्यावरचा फरक इतका जाणवत नाही, आणि माझ्यासाठी अपग्रेडचं खरं कारण हेच होतं, शून्य ते शंभर किती सेकंदात जाते वगैरे नाही. (ते ऑक्टाव्हिया आणि ३२०डी दोघींचं साडेसात सेकंदांच्या आसपास आहे, ज्यांना हवंय त्यांच्यासाठी.)

तरी प्रत्येकीचा पिकअप वेगळा लागतो. ऑक्टाव्हियाचा टॉर्क १२५० आरपीएमपासूनच येतो, हॅचबॅकमध्ये आपल्याला चार हजारपर्यंत ओढायची सवय असते, तर पहिल्या दिवशी तुम्ही विनाकारण जोरात निघता आणि शेजारी बसलेला हँडल धरतो. ३२०डी मध्ये धक्का मिडरेंजला, आठव्या गिअरमधून पाय दाबला की गिअरबॉक्स दोन-तीन गिअर खाली येतो आणि ट्रेलर मागे पडलेला असतो. कॅमरी शांतपणे निघते, पूर्ण पाय दाबला तर इंजिन एका सुरात ओरडत बसतं कारण तिच्यात ठरलेले गिअरच नाहीत, वेग मात्र आवाजाच्या मागून बरोबर येतो. ज्यांना गाडी "चालवायची" आहे त्यांना हे दोन दिवसांत कंटाळवाणं वाटेल, ज्यांना फक्त पोचायचंय त्यांना तिसऱ्या दिवशी आवडेल.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते, म्हणजे कुठली कशात खर्चात पाडते.

ऑक्टाव्हियात पहिला प्रश्न गिअरबॉक्सचा. १.८ सोबत बहुतेक वेळा सात स्पीडचा ड्राय क्लच डीएसजी (तेलात न बुडलेल्या दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) येतो, डीक्यू२०० नावाचा, आणि त्याची टॉर्क झेपायची मर्यादा २५० न्यूटन मीटर आहे. इंजिनचा टॉर्क किती? बरोबर २५०. म्हणजे गिअरबॉक्स कायम काठावर. ज्यांनी इंजिन रिमॅप केलंय (सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवलीय) अशी गाडी तर लांबूनच नमस्कार. या गिअरबॉक्सच्या मेकॅट्रॉनिक युनिटचा (गिअर बदलायचं काम सांभाळणाऱ्या भागाचा) बोभाटा जुना आहे, २०१३ मध्ये फोक्सवॅगन ग्रुपने मोठा रिकॉल काढून (गाड्या परत बोलावून) त्यातलं सिंथेटिक ऑइल काढून मिनरल ऑइल टाकलं होतं. ट्रॅफिकमध्ये पहिला-दुसरा गिअर पडताना गाडी थरथरत असेल तर क्लच पॅक संपत आलाय असं धरा. मॅन्युअल मिळाली तर माझ्या मते डोळे झाकून मॅन्युअल घ्या. दुसरं म्हणजे वॉटर पंप आणि थर्मोस्टॅटचं प्लॅस्टिकचं हाउसिंग, तिथून कूलंट झिरपतं, बाटलीतली लेव्हल बघून कळतं. आधीच्या पिढीच्या १.८ मध्ये ऑइल पिण्याचं आणि टायमिंग चेन (इंजिनातले भाग तालात फिरवणारी साखळी) ताणून धरणाऱ्या टेन्शनरचं जे दुखणं होतं त्यावरून लोक हिलाही घाबरतात, पण हे इंजिन नंतरच्या पिढीचं आहे, ती भीती तेवढी लागू नाही. डिक्की ५९० लिटर आणि मागचं दार काचेसकट वर उघडतं, हॅचबॅकवाल्याला ही सवय मोडावी लागत नाही हा माझ्यासाठी मोठा प्लस होता.

३२०डी बद्दल जरा जास्त लिहितो, कारण सगळ्यात जास्त लोक हिच्याच प्रेमात पडतात आणि मीही पडलो होतो. स्टिअरिंग, बसायची पोझिशन, मागच्या चाकांवर ड्राइव्ह, सगळं असं आहे की टेस्ट ड्राइव्हवरून येताना आपली हॅचबॅक खेळण्यातली वाटते. पण या इंजिनची टायमिंग चेन गिअरबॉक्सच्या बाजूला आहे, समोर नाही. म्हणजे चेन सैल झाली, बदलायची वेळ आली की इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय हात पोचत नाही, चेन स्वस्त आणि मजुरी महाग असा प्रकार. आधीच्या एन४७ इंजिनात हा त्रास जास्त गाजला, २०१५ च्या फेसलिफ्टनंतर बी४७ आलं, शक्य असेल तर तेच बघा. थंड इंजिन सुरू केल्यावर मागच्या बाजूने घरघर किंवा खरखर आली तर घासाघीस करत बसू नका, सरळ निघा. शिवाय २०१८ मध्ये बीएमडब्ल्यूच्या डिझेल गाड्यांचा ईजीआर कूलरसाठी (इंजिनात परत सोडायचा धूर थंड करणारा भाग) मोठा रिकॉल झाला होता, कूलंट आत गळून आग लागायचा धोका होता, तर चॅसी नंबर टाकून ते काम झालंय का हे तपासलंच पाहिजे.

आणि डिझेल. रोज चार-पाच किलोमीटरची ने-आण असेल तर डीपीएफ (धुरातली काजळी पकडणारा फिल्टर) तापतच नाही, काजळी जळत नाही, शेवटी फिल्टर तुंबतो. मी स्वतः आठवड्यातले पाच दिवस शहरात आणि एखादा रविवार बाहेर, म्हणजे माझं रनिंग डिझेलला शोभतच नव्हतं, पण टॉर्क बघून मी हे दोन महिने स्वतःपासून लपवलं. आठ स्पीडच्या ऑटोमॅटिकचं ऑइल "लाइफटाइम" आहे असं सेल्समन सांगेल, पण ते गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी स्वतःच ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला बदला म्हणते. रनफ्लॅट टायर (पंक्चर झाले तरी थोडं अंतर चालणारे) असतात, त्यामुळे स्टेपनी नसते, आणि रस्ता खराब असेल तर कंबरेला कळतं. मागे मधल्या माणसाच्या पायात मोठा उंचवटा येतो, पाच जणांचं घर असेल तर आधी मधे स्वतः बसून बघा.

कॅमरीचं उलटं आहे. बाहेरून बघून काही होत नाही मनाला, पण आत काय काय नाही याची यादी बघा: स्टार्टर मोटर नाही, अल्टरनेटर नाही, क्लच नाही, बेल्ट घासणारा सीव्हीटी (ठरलेले गिअर नसलेला ऑटोमॅटिक) नाही. नाव ईसीव्हीटी असलं तरी आत प्लॅनेटरी गिअर आणि दोन मोटर-जनरेटर आहेत. ब्रेक मारला की मोटर जनरेटरसारखी चालून बॅटरी चार्ज करते, त्यामुळे ब्रेक पॅड आश्चर्य वाटेल इतके टिकतात. सगळ्यांची भीती बॅटरीची. निकेल मेटल हायड्राइडची ३४ मॉड्यूलची बॅटरी मागच्या सीटमागे असते आणि तिला थंड ठेवणारा पंखा केबिनमधली हवा ओढतो. त्या जाळीवर सामान ठेवलं, कुत्र्याचे केस अडकले, धूळ बसली की बॅटरी तापते आणि लवकर जाते. मी एका गाडीची जाळी उघडून बघितली, आत अक्षरशः लोकर साठली होती. बॅटरीमुळे डिक्की ३७० लिटरच उरते, म्हणजे ४.८ मीटरची गाडी आणि डिक्की ऑक्टाव्हियापेक्षा कितीतरी कमी. पार्किंगची जागा टेपने मोजा, आपली हॅचबॅक ३.८ मीटरची होती, हा एक अख्खा मीटर कुठून तरी आणावा लागतो.

टायरचं पटकन सांगतो. हॅचबॅकचा १७५/६५ आर१५ टायर आणि मोठ्या गाडीचा २२५/४५ आर१७ यांत साइडवॉल (टायरच्या बाजूची उंची) ११४ वरून १०१ मिलिमीटरवर येते, म्हणजे गाडी मोठी पण खड्ड्यासाठी रबर कमी, आणि चारही टायरचं बिल बघून पोटात गोळा येतो. कॅमरीचा २१५/६० आर१६ यात सगळ्यात सुखाचा.

हॅचबॅकच ठेवायची का, हाही पर्याय मी खरंच धरला होता. बाहेर महिन्यातून एकदाच जात असाल आणि तेही दोघंच, तर ठेवा, जास्तीचं पेट्रोल आणि जास्तीचा इन्शुरन्स कशासाठी भरायचा. पण एक बघा, तुमच्या छोट्या गाडीत ईएससी (गाडी घसरायला लागली की आपोआप ब्रेक लावून सावरणारी यंत्रणा) आहे का? युरोपात २०१४ च्या नोव्हेंबरपासून प्रत्येक नव्या गाडीत ते सक्तीचं झालं, जुन्या बेस मॉडेल हॅचबॅकमध्ये बऱ्याचदा नसतं. आणि मोठी घेतलीत तर हेही लक्षात ठेवा की १०० वरून १४० वर गेलं की गाडीतली गतिज ऊर्जा जवळजवळ दुप्पट होते, मोठ्या गाडीत १४० हा १०० सारखाच वाटतो, तिथेच फसगत होते.

टोकनवाली गोष्ट. ऑटोमॅटिक ३२०डी, ओडोमीटर ६२ हजार, एकच मालक, चकचकीत. पण स्टिअरिंगचं चामडं गुळगुळीत झालेलं, ब्रेक पेडलचं रबर कडेला पार झिजलेलं आणि ड्रायव्हर सीटची बाजू दबलेली. मेकॅनिकने स्कॅनर लावून बाकीच्या मॉड्यूलमधले (गाडीतल्या छोट्या कॉम्प्युटरमधले) किलोमीटर वाचले तर तिथे १ लाख ४० हजार. विकणारा म्हणाला, सॉफ्टवेअरचा घोळ असेल. असेल बुवा.

शेवटी मी कॅमरी घेतली, शहरातलं रनिंग बघून. हायवे जास्त असता आणि मॅन्युअल मिळाली असती तर ऑक्टाव्हियाच घेतली असती, हे आजही म्हणतो. ३२०डी फक्त त्याने घ्यावी ज्याचं रोजचं रनिंग लांबचं आहे आणि गाडीच्या किमतीच्या पाव भाग तरी वेगळा बाजूला काढलेला आहे. कुठलीही बघायला जाल तेव्हा आधी फोन करून सांगा, मी येईपर्यंत सुरू करू नका, आणि पोचल्यावर सगळ्यात आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर थंड इंजिनाचे आवाज कळणार नाहीत, पुन्हा दुसऱ्या दिवशी सकाळी जा.