ओला कचरा दारातून नेणारी सेवा : उचल चोख, खत मात्र कच्चे

घरातला ओला कचरा ठरलेल्या वारी दारातून उचलून न्यायचा, त्याचे कंपोस्ट करायचे आणि तयार खतातला काही वाटा वर्गणीदाराला परत द्यायचा, असा या सेवेचा व्यवहार आहे. काही महिने ती वापरल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, कचरा उचलण्याच्या कामात ती जवळजवळ निर्दोष आहे आणि खत करण्याच्या कामात घाई करते. बहुतेक वर्गणीदारांना यातल्या पहिल्याच गोष्टीशी कर्तव्य असते. बादली रिकामी झाली की काम संपले. पण तेवढ्यासाठीच पैसे भरायचे असतील, तर ही सेवा आणि रोजची कचरागाडी यांत फरक तो काय राहिला? सेवेचे नाव येथे मुद्दाम दिलेले नाही, कारण पुढचे बहुतेक मुद्दे अशा कोणत्याही सेवेला लावून पाहता येतील.

नोंदणी केल्यावर झाकणाची बादली आणि लाकडाच्या भुशाची पिशवी मिळते. बादली विचारपूर्वक निवडलेली आहे. तळापासून दोन बोटे उंचीवर एक जाळी बसवलेली असून कचरा जाळीवर राहतो आणि त्याला सुटणारे पाणी खाली उतरते. स्वयंपाकघरातल्या कचऱ्यात वजनाच्या साधारण सत्तर-ऐंशी टक्के पाणीच असते. हे पाणी कचऱ्यातच साचून राहिले तर हवा आत शिरत नाही, हवेवाचून जगणारे जीवाणू वाढतात आणि सडक्या अंड्यासारखा जो वास येतो तो त्यांनी तयार केलेल्या हायड्रोजन सल्फाइडचा असतो. जाळीमुळे हा प्रकार बराच टळतो. झाकणाच्या कडेला रबराची गोल पट्टी आहे आणि ती खरोखर घट्ट बसते. चिलटे तरीही दिसतात, पण तो दोष झाकणाचा नव्हे, कारण त्यांची अंडी बहुधा फळांच्या सालींबरोबरच घरात आलेली असतात.

भुशाबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण अनेक जण तो केवळ वास मारण्यासाठी आहे असे समजून एखादी चिमूट टाकतात. कंपोस्टचा ढीग नीट चालायला सुरुवातीला कार्बन आणि नायट्रोजन यांचे प्रमाण साधारण २५ ते ३० भागांस एक भाग असे लागते. भाजीपाल्याच्या कचऱ्यात नायट्रोजन त्या मानाने जास्त असतो, तर भुशात कार्बन कितीतरी पट अधिक असतो, म्हणून थोड्या भुशानेही हे गणित सावरते. शिवाय तो ओल शोषून घेतो आणि कचऱ्याच्या थरांत हवेला वाट ठेवतो. सेवेच्या सूचनापत्रकात ‘प्रत्येक वेळी एक मूठ’ असे लिहिले आहे, ते बरोबर आहे. त्यामागचे कारण दोन ओळींत दिले असते, तर लोकांनी सूचना अधिक मनावर घेतली असती.

बादलीत एकच खरी खोट आहे. खालचे पाणी काढण्याची तोटी तळापासून किंचित वर बसवलेली असल्यामुळे थोडे पाणी कायम आत राहते, आणि तोटीचे भोक इतके अरुंद आहे की चहाच्या चोथ्याचे चार कण जाळीतून निसटले की ते बुजते. मग काडीने टोकरत बसावे लागते. हे काम हातमोजे घालून करावे.

उचल करणारे कर्मचारी वेळेवर येतात, भरलेली बादली नेतात आणि धुतलेली दुसरी ठेवतात. ही अदलाबदल म्हणजे या सेवेतली सर्वांत सुखाची गोष्ट. बादलीचे वजन दारातच काट्यावर होते आणि आकडा ॲपवर दिसतो. ॲपविषयी वेगळे सांगण्यासारखे काही नाही. सुट्टी असेल तर उचल पुढे ढकलता येते, एवढे पुरे. वर्गणी ठरावीक असल्यामुळे वजनाचा उपयोग सध्या माहितीपुरताच आहे, आणि ही संधी वाया घालवल्यासारखी वाटते. दक्षिण कोरियात २०१३ पासून घरगुती अन्नकचऱ्यावर त्याच्या प्रमाणानुसार आकार घेतला जातो. अनेक इमारतींत यंत्र प्रत्येक घराचा कचरा तोलून नोंदवते. अशा पद्धतीत बादलीतले फुकटचे पाणी आणि वाया गेलेले अन्न दोन्ही ग्राहकाला जाणवू लागतात. काटा आहे, नोंद आहे, मग कमी कचरा देणाऱ्याला थोडी सवलत द्यायला काय हरकत आहे?

कचऱ्यात नको ती वस्तू सापडली तर बादलीवर लाल पट्टी येते आणि त्या वस्तूचे छायाचित्र पाठवले जाते. काहींना हा जाच वाटतो. मला ही शिस्त आवडली, कारण काचेचा तुकडा किंवा प्लॅस्टिक एकदा ढिगात मिसळले की ते वेचून काढणे जवळपास अशक्य होते. मात्र शिस्त लावणाऱ्याचे स्वतःचे नियम एकमेकांशी जुळायला हवेत. सूचनापत्रकात ‘कंपोस्टेबल पिशवी चालेल’ असे छापलेले आहे, आणि तशाच पिशवीमुळे माझ्या बादलीला लाल पट्टी लागली. विचारणा केल्यावर मिळालेले उत्तर शास्त्राला धरून होते. अशा पिशव्यांसाठी युरोपात वापरले जाणारे ईएन १३४३२ हे मानक मोठ्या प्रकल्पातली उष्णता गृहीत धरते आणि पिशवीचे तुकडे होण्यासाठी बारा आठवड्यांची मुभा देते. या सेवेचा ढीग तेवढे दिवस थांबत नाही, म्हणून पिशवी अर्धवट फाटलेल्या अवस्थेत चाळणीवर येते. उत्तर पटले, परंतु मग पत्रकातले ते वाक्य काढून टाकायला नको का? चहाच्या पिशव्यांबाबत (टी-बॅग) तर पत्रक काहीच बोलत नाही. त्यांतल्या बऱ्याच पिशव्यांच्या कडा प्लॅस्टिकने चिकटवलेल्या असतात, तेव्हा चोथा बादलीत आणि पिशवी सुक्या कचऱ्यात, एवढे तरी लिहायला हवे होते.

‘ढीग तेवढे दिवस थांबत नाही’ हे त्या उत्तरातले अर्धे वाक्य मला पुढे खत हातात आल्यावर आठवत राहिले.

खताची गोणी दिसायला उत्तम होती. रंग गडद तपकिरी, कण बऱ्यापैकी एकसारखे. तोंड सोडताच मात्र नाकाला अमोनियाची झोंबरी जाणीव झाली आणि हात आत घातल्यावर मधला भाग बाहेरच्या हवेपेक्षा स्पष्टपणे उबदार लागला. मुठीत घेऊन पाहिले तर त्यात फळाच्या सालीची ओळखू येणारी कड होती, अंड्याच्या कवचाचे कण होते आणि फळांवर चिकटवतात तसले दोन लहान स्टिकर होते, त्यांवरची अक्षरे अजून वाचता येत होती. कवचाला माझी हरकत नाही. ते फार सावकाश विरघळते आणि चांगल्या खतातही दिसते. साल ओळखू येणे आणि ढीग आतून गरम असणे, ही मात्र कुजण्याची क्रिया अजून चालू असल्याची खूण आहे. ओलसर खत हवाबंद पिशवीत भरून काही दिवस ठेवायचे आणि मग वास घ्यायचा, ही घरच्या घरी करता येणारी जुनी तपासणी आहे; मुरलेल्या खताला तेव्हाही मातीचाच वास येतो, याला आंबूस वास आला. निम्मे खत आणि निम्मी माती यांत पेरलेले मुळ्याचे बी नुसत्या मातीतल्या बियांपेक्षा उशिरा उगवले आणि त्यांची पहिली पाने कडेने पिवळी पडली. कच्च्या खतातला अमोनिया आणि सेंद्रिय आम्ले कोवळ्या मुळांना बाधतात, शिवाय कुजवणारे जीवाणू आपल्या वाढीसाठी मातीतला नायट्रोजन ओढून घेतात, म्हणजे पोसण्यासाठी घातलेले खतच रोपाची उपासमार करते.

हे कशामुळे होते, याचा अंदाज सेवेच्या जाहिरातीवरूनच करता येतो. ढिगाचे तापमान ५५ अंश सेल्सिअसच्या वर नेले जाते, हे तीत ठळकपणे सांगितलेले असते. तो दावा खोटा आहे असे मला म्हणायचे नाही. बंदिस्त पात्रात सलग तीन दिवस, किंवा उघड्या लांबट ढिगात पंधरा दिवस आणि त्या काळात किमान पाच वेळा उलथापालथ, एवढी उष्णता मिळाली की रोगजंतू मरतात, हा बऱ्याच ठिकाणी मान्य असलेला निकष आहे, आणि बहुतेक तणांचे बीही त्या उष्णतेत निकामी होते. परंतु यातून खत निर्धोक होते, तयार होत नाही. गरम टप्पा ओसरल्यावर ढीग कित्येक आठवडे, कधी काही महिने, नुसता मुरत ठेवावा लागतो. त्या काळात बुरशी आणि ॲक्टिनोमायसीट नावाचे जीवाणू लाकडासारखा चिवट भाग फोडतात, अमोनियाचे नायट्रेट होते, आणि पहिल्या पावसानंतर येतो तो मातीचा वास देणारे जिओस्मिन हे द्रव्यही हेच जीवाणू तयार करतात. या टप्प्याला यंत्र लागत नाही, कौशल्य फारसे लागत नाही, लागते ती जागा. आणि शहरात नेमकी तीच महाग असते. मुरत पडलेला ढीग नव्या कचऱ्याची जागा अडवतो, म्हणून काटछाट होते ती तिथेच.

तक्रारीला उत्तर सभ्य आणि तत्पर आले : गोणीला भोके पाडून ती महिनाभर सावलीत ठेवा आणि अधूनमधून हलवा. उपाय लागू पडला, वास गेला आणि ऊबही गेली. पण ज्या कामासाठी वर्गणी भरली त्याचा शेवटचा आणि सर्वांत वेळखाऊ हप्ता ग्राहकाच्या बाल्कनीत येऊन पडला, हे कसे विसरायचे?

एवढे असूनही, घरीच खत करण्यापेक्षा ही सेवा काही बाबतींत सरस आहे. घरातल्या लहान पिंपात ढिगाला गरम होण्याइतके आकारमान मिळत नाही. उष्णता धरून ठेवायला साधारण एक घनमीटर ढीग लागतो, म्हणून घरचे कंपोस्ट थंड आणि संथ चालते आणि त्यात शिजवलेले तेलकट अन्न, हाडे वा मासळीचे अवशेष टाकणे त्रासाचे ठरते. गांडुळे उत्तम काम करतात, पण उन्हाळा पस्तीस अंशांच्या पुढे गेला की त्यांचा जीव धोक्यात येतो. बोकाशी या जपानी पद्धतीत कचरा हवाबंद डब्यात आंबवला जातो. त्यातून निघते ते एक प्रकारचे लोणचेच, खत होण्यासाठी ते पुढे मातीत पुरावेच लागते आणि ती माती सदनिकेत कोठून आणायची? विजेवर चालणारी काही तासांत ‘खत’ देणारी यंत्रे तर मला या यादीत धरवतच नाहीत. त्यांतली बहुतेक कचरा दळून वाळवतात. त्या भुकटीवर पाणी शिंपडले की बुरशी चढते, कारण ते अजून अन्नच असते. ज्यांच्याकडे पालापाचोळा, थोडी मोकळी जमीन आणि सवड आहे त्यांनी घरचाच ढीग करावा. ज्यांच्याकडे यांपैकी काहीच नाही त्यांनी ही सेवा जरूर घ्यावी, कारण कचराभूमीत दाबला गेलेला ओला कचरा हवेवाचून कुजतो आणि त्यातून मिथेन निघतो. शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापमानवाढ घडवतो.

नोंदणीपूर्वी चालकांना विचारण्याजोगा प्रश्न एकच आहे : गरम टप्पा संपल्यावर ढीग किती आठवडे मुरतो, आणि ती जागा पाहता येईल का? उत्तरादाखल पुन्हा अंश सेल्सिअसचे आकडे मिळाले, तर ‘खत नको’ या पर्यायावर खूण करून केवळ उचलीसाठी वर्गणी भरावी. उचलीपुरते ते पैसे वसूल आहेत. मी वर्गणी पुढे चालू ठेवली आहे आणि खताच्या पर्यायावरची खूणही तशीच ठेवली आहे, कारण परत आलेली गोणी उघडून पाहणारे कोणी नसेल, तर मुरवण्याचा काळ वाढवण्याची सेवेला गरजच भासणार नाही.