इंडी प्लेलिस्ट पाठवायची कुठून: स्पॉटिफाय, यूट्यूब की बँडकॅम्प?

इंडी, म्हणजे मोठ्या म्युझिक कंपन्यांशिवाय स्वतंत्र वाटेने चालणाऱ्या बँडची गाणी निवडून झाली, क्रम लागला, आता लिंक कुठली पाठवायची? माझं मत आधीच सांगतो: तुमच्याकडे कुठलं ॲप आहे यापेक्षा ऐकणाऱ्याच्या फोनमध्ये काय आहे ते बघा. अनोळखी बँडची गाणी ऐकवायची आणि वर नवं ॲपही घ्यायला लावायचं, एवढा उपकार कोणी करत नाही.

यादी बनवायला स्पॉटिफायसारखं सोपं काही नाही. गाणं बोटाने धरून वर-खाली सरकवता येतं, स्वतःचा फोटो कव्हरला लावता येतो, दोन ओळी लिहिता येतात. मित्राला सामील करून घेतलं तर तोही भर घालतो (आणि तुमचा क्रम बिघडवतो, ते वेगळं). ब्रिटिश बँड रेडिओहेडनंतर दिल्लीचे पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनी, मग कोलकात्याचे पारेख अँड सिंग, असा प्रवास इथे विनासायास जमतो. पण समोरचा फुकट वापरत असेल तर मध्ये जाहिराती येणार, आणि शफल (गाणी उलटसुलट वाजवणारं बटण) चालू असलं की तुमच्या क्रमाचे बारा वाजलेच.

दुसरी अडचण इंडीवाल्यांनाच जास्त जाचते. ऑस्ट्रेलियाच्या किंग गिझर्ड अँड द लिझर्ड विझर्डने जुलै 2025 मध्ये आपली गाणी स्पॉटिफायवरून काढून घेतली. कंपनीच्या संस्थापकाने लष्करी तंत्रज्ञानात पैसा गुंतवला, हा त्यांचा आक्षेप. भूमिका पटो न पटो, यादीला भोक पडलं. शिवाय 2024 पासून मागच्या बारा महिन्यांत हजारदा न वाजलेल्या गाण्याला तिथे रॉयल्टीच मिळत नाही. तुमच्या यादीतलं सगळ्यात आडवळणाचं गाणं नेमकं याच नियमात सापडण्याची शक्यता जास्त.

यूट्यूब दिसायला गबाळं, पण पोहोचतं. ना खातं लागतं, ना ॲप, ब्राउझरमध्येही वाजतं. आत्याला पाठवा, शेजारच्या काकांना पाठवा. आणि इथे जे मिळतं त्यातलं बरंच दुसरीकडे नाहीच: सिएटलच्या केईएक्सपी रेडिओवरची लाइव्ह सत्रं, अमेरिकेच्या एनपीआर रेडिओच्या ‘टायनी डेस्क’ मैफली, कुठल्याशा कॉलेज फेस्टमधलं हलत्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग. जगजाहीर करायचं नसेल तर यादी ‘अनलिस्टेड’ ठेवा. लिंक असेल त्यालाच उघडते.

यादी करताना एक मात्र बघा. अधिकृत व्हिडिओत कधीकधी गाणं सुरू व्हायच्या आधी दार वाजतं, गाडी थांबते, दोघं भांडतात, आणि एवढा वेळ ऐकणारा ताटकळतो. कलाकाराच्या नावापुढे ‘टॉपिक’ लिहिलेलं चॅनेल शोधा. तिथे स्थिर कव्हर आणि सरळ गाणं असतं. उणीव दोन: पैसे न भरता स्क्रीन बंद केली की गाणं सहसा थांबतं, आणि चाहत्याने चढवलेला व्हिडिओ एके दिवशी उडतो. मग तिथे काय होतं हे यादी करणाऱ्यालाही आठवत नाही.

बँडकॅम्पची गोष्ट वेगळी. सलग यादी वाजवून मैफल रंगवायची ही जागा नव्हे. ही दुकानाची खिडकी. आधी ऐका, आवडलं तर विकत घ्या, फाइल कायमची तुमची. डिजिटल विक्रीतले 15 टक्के कंपनी ठेवते, आणि ‘बँडकॅम्प फ्रायडे’ला, म्हणजे ठरावीक शुक्रवारी, तेही सोडते. आपल्याकडून खरेदी करायची तर आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू असलेलं कार्ड लागतं, तिथेच निम्मे लोक गळतात. म्हणून अख्खी यादी इथे नको. ज्याला एखादा बँड खरंच भावला, त्याला त्या एका अल्बमची लिंक द्या.

ॲपल म्युझिकबद्दल एवढंच, की दोघंही वर्गणीदार असतील तर उत्तम, नाहीतर नाद सोडा.

तेव्हा: मित्र रोज स्पॉटिफायवर पडीक असेल तर तेच. घरचा ग्रुप, ऑफिसचा ग्रुप, सगळी सरमिसळ असेल तर बिनदिक्कत यूट्यूब. काहीही निवडा, पण गाणं आणि कलाकार अशी साधी यादी लिंकखाली टाइप करून ठेवा. ॲपचा भरवसा नसतो: गाणी ऐकवणारं रेसो 2024 च्या जानेवारीत भारतातून गेलं, तसलंच विंकही त्याच वर्षी गुंडाळलं गेलं.